इमारत कुठे उभी करायची? नव्या ग्रंथालयाची मांडणी निवडताना

नव्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी जागा ठरली आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: त्या जागेवर इमारत नेमकी कुठे बसवायची? निवड समितीत मी ग्रंथपाल म्हणून होते. सोबत एक स्थापत्य अभियंता, एक निवृत्त शिक्षक, निधीचा हिशेब पाहणारे एक गृहस्थ आणि दोन नियमित वाचक. आर्किटेक्टनी तीन मांडण्या टेबलावर पसरल्या, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आधी इमारतीच्या रंगीत चित्रांवर गेल्या. ते साहजिकच होतं. मला मात्र वेगळीच काळजी होती. ग्रंथालयाच्या आतलं जवळजवळ सगळं पुढे बदलता येतं. रॅक सरकवता येतात, हलक्या भिंती काढता येतात, बालविभाग वरून खाली आणता येतो. इमारत भूखंडाच्या कुठल्या भागात उभी आहे, हे एकदा पाया भरला की कायमचं ठरतं. म्हणून मी पहिल्याच बैठकीत विनंती केली की चित्रं थोडी बाजूला ठेवू या आणि इमारत बांधून झाल्यावर जी जमीन मोकळी उरणार आहे तिच्याकडे आधी बघू या.

भूखंड साधारण चौरस. दक्षिणेला रहदारीचा मुख्य रस्ता, पश्चिमेला अरुंद गल्ली, उत्तरेला शाळा. जमीन रस्त्याकडून मागे उतरत जाते. ईशान्येच्या कोपऱ्यात तीन जुनी मोठी झाडं आहेत आणि पावसाचं पाणीही तिथेच साचतं. शिवाय एक पायवाट आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यावर बस थांबते, तिथून शाळेच्या फाटकापर्यंत लोकांनी चालून चालून पाडलेली. मोजणीच्या नकाशात ती नव्हती. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी लोक कामावरून परतताना मी तिथे उभी राहिले, तेव्हा या जागेवर सर्वांत जास्त वापरली जाणारी गोष्ट तीच आहे हे कळलं. ज्या वाटेवरून लोक रोज जातातच, त्या वाटेवर ग्रंथालयाचं दार आलं तर वाचक शोधत फिरावं लागत नाही.

तीन मांडण्यांना आम्ही अ, ब, क म्हणत होतो. ‘अ’मध्ये इमारत भूखंडाच्या मधोमध, चारी बाजूंनी बाग, समोर रुंद पायऱ्या. ‘ब’मध्ये इमारत काटकोनात वळलेली: एक भुजा मुख्य रस्त्यालगत, दुसरी गल्लीलगत, आणि आतल्या बाजूला एक मोठं अंगण. ‘क’मध्ये इमारत पार मागे, झाडांजवळ, आणि पुढे वाहनतळ. पहिल्या बैठकीत मत घेतलं असतं तर ‘अ’ सहज निवडून आली असती. मधोमध उभी असलेली, चारही बाजूंनी दिसणारी इमारत डोळ्यांना मानाची वाटते.

पण जमिनीचा हिशेब करून पाहिला की चित्र पालटतं. बैठकीत मी फळ्यावर जे मांडलं तेच इथे लिहिते. समजा, ६० मीटर बाजूचा चौरस भूखंड आहे. त्याच्या मध्यावर ३६ मीटर बाजूची चौरस इमारत ठेवली. तिने १,२९६ चौरस मीटर जागा घेतली आणि चारही बाजूंना फक्त १२-१२ मीटरचे पट्टे उरले. आता तेवढीच, म्हणजे बरोबर १,२९६ चौरस मीटरची इमारत १२ मीटर रुंदीच्या काटकोनी पट्टीसारखी दोन कडांना लावली. उरलेली मोकळी जागा दोन्ही वेळी तितकीच आहे, २,३०४ चौरस मीटर. पण दुसऱ्या वेळी ती ४८ मीटर बाजूचं एकसंध अंगण बनून उरते. पहिल्या वेळच्या चार पट्ट्यांपैकी एकातून वाहनं जाणार, एकात अग्निशमनाची गाडी फिरायला वाट हवी, एकात टाक्या आणि जनित्र बसणार. बागेच्या वाट्याला जे उरतं त्यात धड झाडही वाढत नाही की मुलं खेळत नाहीत. हे गणित फळ्यावर पाहिल्यावर खोलीतली चर्चाच वेगळ्या रस्त्याने सुरू झाली.

अभियंत्याने लगेच दुसरी बाजू मांडली आणि ती तितकीच खरी होती. चौरस इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची लांबी १४४ मीटर, काटकोनी इमारतीची २४०. भिंत वाढली की खर्च वाढतो आणि ऊनही जास्त लागतं. लांबलचक इमारतीत कर्मचाऱ्यांची पायपीट वाढते आणि एका जागेवरून सगळीकडे लक्ष ठेवता येत नाही. हॅरी फॉकनर-ब्राउन या ब्रिटिश वास्तुरचनाकारांनी ग्रंथालयाच्या इमारतीसाठी जे दहा गुण सांगितले, त्यांत आटोपशीरपणा आहे तो याचसाठी. म्हणून दोन्ही भुजा सारख्या रुंदीच्या नकोत असं ठरलं. रस्त्यालगतची भुजा जाड करायची आणि ग्रंथालयाचं सगळं काम तिच्यात बसवायचं. गल्लीलगतची बारीक ठेवायची आणि तिच्यात सभागृह, कार्यालय, पुस्तकबांधणी अशा गोष्टी घालायच्या.

यानंतर ‘क’चा विचार आला. तिच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण जोरदार होता: शांतता. निवृत्त शिक्षकांचं म्हणणं होतं की वाचायला येणाऱ्या माणसाला रहदारीच्या तोंडाशी बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यांची कळकळ मला पटत होती, कारण वाचनकक्षात शांतता नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. पण आवाज अंतराने किती कमी होतो ते पाहणं भाग होतं. रहदारीचा रस्ता म्हणजे आवाजाची लांब रेघ. अशा रेघेपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणजे इमारत १५ मीटरवरून ३० मीटरवर नेली तर कानाला जेमतेम फरक जाणवेल. मध्ये झाडांची एक रांग लावून आवाज थांबेल, ही समजूतही टिकत नाही. एका रांगेमुळे रस्ता दिसेनासा होतो, ऐकू यायचा राहत नाही. आवाज अडवते ती सलग भरीव भिंत. मग इमारतच भिंतीसारखी रस्त्यालगत उभी केली, रस्त्याच्या बाजूला वर्तमानपत्रं, देवघेव आणि पुस्तकांचे रॅक ठेवले, आणि वाचनकक्ष अंगणाकडे वळवला, तर मागे नेलेल्या इमारतीपेक्षा जास्त शांतता मिळते.

‘क’बद्दल माझी दुसरी हरकत याहून मोठी होती. आमच्या दोन वाचक सदस्यांपैकी एकीने विचारलं, “संध्याकाळी सात-साडेसातला मी एकटी बाहेर पडले तर रस्त्यापर्यंत गाड्यांच्या मधून चालत जायचं का?” तिच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. रस्त्यावरून आतले दिवे आणि वाचत बसलेली माणसं दिसली पाहिजेत. त्यानेच आत यायचा धीर येतो आणि बाहेर पडतानाही सुरक्षित वाटतं. ज्याने आयुष्यात कधी ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही, त्याला वाहनतळ ओलांडून एका अनोळखी दारापर्यंत चालत यायला लावणं म्हणजे त्याला परत पाठवणंच आहे. सार्वजनिक ग्रंथालय सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी असतं, तो हाच माणूस.

पायरीवरून आठवलं. ‘अ’मधल्या त्या रुंद पायऱ्या. अमेरिकेतले पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं बांधली गेली. त्यांतल्या कितीतरी इमारतींचं दार उंच जोत्यावर आहे आणि समोर पायऱ्या आहेत. ज्ञानाकडे वर चढत जायचं, असा त्यामागचा भाव. पुढे अशा अनेक इमारतींना बाजूने रॅम्प आणि लिफ्ट जोडाव्या लागल्या. आमच्या ‘अ’मध्ये जोतं १.२ मीटर होतं. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार फार तर १ ला १२ असावा लागतो, म्हणजे १.२ मीटर चढायला १४.४ मीटर लांबीचा रॅम्प, आणि मध्ये थांबायला सपाट टप्पा वेगळा. चित्रात तो इमारतीच्या बगलेला दडवला होता. दुसरे वाचक सदस्य चाकाची खुर्ची वापरतात. ते शांतपणे म्हणाले, “पायऱ्या चढणारे पुढच्या दाराने येणार आणि मी बाजूने. इमारत नवी बांधताय, तर सगळ्यांना एकाच दाराने येऊ द्या की.” मला वाटतं ‘अ’चा निकाल तिथेच लागला. ‘ब’मध्ये जमिनीवरच्या मजल्याची पातळी फूटपाथच्या बरोबरीने ठेवता येत होती, एकही पायरी न घेता.

तोवर सगळं कागदावर चाललं होतं. आम्ही आर्किटेक्टना विनंती केली की तिन्ही मांडण्या जागेवर आखून दाखवा. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, फक्की मारली. दारं कुठे येणार तिथे बांबू उभे केले. ज्यांच्यावर अशी निवड करायची वेळ येईल त्यांना मी हे आवर्जून सांगेन, कारण खर्च जवळजवळ नाही आणि कळतं फार. नकाशात बोटभर दिसणारं अंतर पायाखाली आलं की त्याचा अर्थ बदलतो. चाकाची खुर्ची बस थांब्यापासून प्रत्येक बांबूपर्यंत नेऊन पाहिली. एक आजोबा नातवाला शाळेतून घेऊन येत होते, त्यांनाही विचारलं की कुठलं दार सोपं वाटतं. त्यांनी ‘ब’च्या कोपऱ्याकडे हात केला, कारण ते त्यांच्या वाटेवरच होतं.

फक्कीच्या रेघांमुळेच ‘ब’ची खरी अडचण उघडी पडली. काटकोनी इमारत कोपरा अडवत होती आणि पायवाट नेमकी त्या कोपऱ्यातून जात होती. वाट बंद केली असती तर लोकांना वळसा पडला असता आणि आपली वाट मोडणाऱ्या इमारतीबद्दल पहिल्या दिवसापासून मनात अढी बसली असती. आर्किटेक्टनी सुचवलं की दोन दारं देऊ, एक रस्त्याकडून आणि एक अंगणाकडून. इथे मी ग्रंथपाल म्हणून अडून बसले. दार म्हणजे नुसतं भोक नसतं. प्रत्येक सार्वजनिक दारापाशी उघडण्यापासून बंद होईपर्यंत एक माणूस लागतो. कर्मचारी कमी असले की दुसरं दार आधी काही तास आणि मग कायमचं बंद होतं. देवघेवीच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला आत येणारे, बाहेर जाणारे आणि बालविभाग हे तिन्ही बसल्या जागेवरून दिसायला हवेत. कार्नेगींच्या ग्रंथालयांसाठी १९११ मध्ये जी मार्गदर्शक टिपणं निघाली त्यांतही, एका ग्रंथपालाला मध्यवर्ती जागेवरून सगळीकडे लक्ष ठेवता यावं, असा आग्रह होता. शंभर वर्षांनंतरही त्यात बदल करावा असं मला काही दिसत नाही.

बरीच ओढाताण झाल्यावर तोडगा निघाला, आणि तो मला या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत आनंदाचा क्षण वाटतो. कोपऱ्यावर दोन भुजा एकमेकींना चिकटवायच्याच नाहीत. जमिनीच्या मजल्यावर त्यांच्या मधून छप्पर असलेली रुंद वाट जाऊ द्यायची, वरचा मजला मात्र दोन्ही भुजांवर सलग. पायवाट जिथे होती तिथेच राहते. त्या छताखालच्या वाटेवर एका बाजूला ग्रंथालयाचं एकमेव दार आणि समोरासमोर सभागृहाचं दार. रस्त्याकडून येणारा आणि शाळेकडून येणारा, दोघे एकाच दाराशी येतात. ग्रंथालय बंद झाल्यावर सभागृहात व्याख्यान असेल तर ते वेगळं उघडता येतं आणि पुस्तकांच्या भागाला कुलूप राहतं. बंद वेळेत पुस्तकं परत टाकायची पेटीही त्याच छताखाली, पावसापासून सुरक्षित.

उजेडाचा प्रश्न या मांडणीत जवळपास आपोआप सुटला. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड दिवसभर सौम्य आणि सारखा असतो, आणि आमचं अंगण उत्तरेलाच होतं. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारणपणे खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट खोलीपर्यंत पोचतो. तेवढ्या पट्ट्यात वाचायची टेबलं आणि त्यापलीकडे रॅक, हा क्रम मग सरळ होता. पश्चिमेचं ऊन जगात कुठेही कठीणच, कारण मावळतीचा सूर्य खाली असतो आणि सज्जे त्याला अडवू शकत नाहीत. त्या बाजूला जिने, स्वच्छतागृहं आणि भांडारं ठेवली. उन्हातल्या अतिनील किरणांनी कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. पॅरिसमधलं फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय १९९६ मध्ये वाचकांसाठी खुलं झालं; तिथे पुस्तकं काचेच्या चार मनोऱ्यांत आहेत आणि ती उन्हापासून वाचवायला काचेच्या आत लाकडी झडपा लावाव्या लागल्या आहेत.

पाण्याबाबत आमच्यात मतभेद राहिले नाहीत, पण एक सूचना आली होती तिची नोंद करते. जमीन मागे उतरत असल्यामुळे तळघर स्वस्तात मिळेल आणि जुनी पुस्तकं तिथे ठेवता येतील, असं हिशेब पाहणाऱ्या सदस्यांचं म्हणणं होतं. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचं पाणी शहरात शिरलं आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ व कागदपत्रं चिखलात गेली. त्यांचं दुरुस्तीचं काम कित्येक दशकं चाललं. आमच्याकडे नदी नाही, पण सखल कोपऱ्यात पाणी साचतं हे आम्ही पावसात जाऊन डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तकं जमिनीखाली ठेवायची नाहीत, हे त्याच दिवशी ठरलं. सखल कोपरा पाणी मुरायला मोकळा सोडला. तिथेच झाडं असल्यामुळे ते सोयीचंही झालं. भराव टाकून अंगण सपाट करण्याची कल्पना आम्ही झाडांसाठीच सोडून दिली. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांच्यावर माती चढवली की हवा तुटते आणि झाड काही वर्षांत हळूहळू वाळत जातं.

वाढीचा मुद्दा मी शेवटी मांडला, कारण तो सगळ्यांना पुढच्या पिढीचा वाटतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतला पाचवा सांगतो की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. हे वाक्य आम्ही ग्रंथपाल परीक्षेत लिहितो, पण भूखंडावर त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक असतो: वाढायचं कुठल्या बाजूला? ‘ब’मध्ये जाड भुजा पूर्वेकडे वाढू शकत होती. मग त्या टोकाला लिफ्ट, जिना, स्वच्छतागृहं ठेवायची नाहीत, कारण उद्या तीच भिंत पाडून पुढे जायचं आहे. त्या पट्ट्याखालून सांडपाण्याची वाहिनी न्यायची नाही, पाण्याची टाकी पुरायची नाही. अभियंत्याने भाराचा मुद्दाही इथेच आणला. अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे वाचनकक्षाच्या जमिनीसाठी दर चौरस फुटाला ६० पौंड भार धरतात आणि पुस्तकांच्या रॅकसाठी १५०, म्हणजे अडीचपट. कुठलाही विभाग उद्या कुठेही हलवायचा असेल तर जाड भुजेची जमीन सगळीकडे मोठा भार पेलणारी हवी. सुरुवातीला खर्च जास्त, हे मान्य करूनच आम्ही तो घेतला.

मध्यंतरी गुणांचा तक्ताही करून पाहिला होता. शांतता, सुगमता, खर्च, उजेड, वाढ अशा रकान्यांना वजनं द्यायची आणि बेरीज काढायची. बेरजा इतक्या जवळजवळ आल्या की कुठल्या रकान्याला किती वजन द्यायचं यावरच निकाल फिरत होता. ज्याला जी मांडणी हवी, त्याने तशी वजनं सुचवली. शेवटी आम्ही तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक उणिवेपुढे एकच प्रश्न लिहिला: हे नंतर दुरुस्त करता येईल का? ‘ब’च्या उणिवा (लांब भिंत, जास्त ऊन, रस्त्याचा आवाज) काच, पडदे आणि रचनेने आवरता येण्यासारख्या होत्या. ‘अ’चे तुकडे झालेले अंगण आणि ‘क’चं दूर गेलेलं दार कशानेच आवरता आलं नसतं. निवृत्त शिक्षकांनी ‘ब’ला मत दिलं, पण वाचनकक्षाच्या रस्त्याकडच्या बाजूला एकही उघडणारी खिडकी नको, ही अट लिहून घेतली. मला ती योग्य वाटली.

ठरावात आम्ही निवडलेल्या मांडणीइतकाच मजकूर नाकारलेल्या मांडण्यांबद्दल लिहिला, कारणांसह. पूर्वेकडचा वाढीचा पट्टा आखून दिला आणि त्यावर तात्पुरती शेडसुद्धा उभारायची नाही, अशी अट घातली. तात्पुरत्या शेड कशा कायमच्या होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर माती तपासणीच्या अहवालावरून इमारत थोडी दक्षिणेला, सामासिक अंतराच्या (भूखंडाच्या कडेपासून नियमाने मोकळं सोडायच्या अंतराच्या) रेषेपर्यंत सरकवली, बाकी मांडणी तशीच राहिली.

सध्या वाद चालू आहे तो बालविभागातून अंगणात उघडणाऱ्या दाराचा. मुलांना झाडांखाली पुस्तक घेऊन बसता यावं, असं मलाही मनापासून वाटतं. एकाच दाराचा नियमही मोडायचा नाही. म्हणून मी कुंपण घातलेला व्हरांडा सुचवला आहे, ज्याला बाहेर जायला फाटक नसेल आणि जो काउंटरवरून पूर्ण दिसेल. आर्किटेक्ट त्याचं रेखाचित्र पुढच्या बैठकीला आणणार आहेत. ते आलं की आम्ही पुन्हा फक्की मारणार आणि या वेळी मुलांनाच बोलावून त्या रेघांच्या आत बसवून पाहणार.